सांगोवांगी, दवंडी आणि तुंब्यातली बातमी

धुळ्याहून विचारणा आली आहे: ‘हब-अँड-स्पोक नेटवर्कात राउटिंग अपडेट प्रसारित होतात म्हणावं की प्रसृत होतात? आणि नोट्समध्ये स्प्लिट होरायझनला विभाजित क्षितिज छापलंय, ते चालेल का?’

पहिल्याचं उत्तर सोपं. प्रसृत म्हणजे पसरलेलं, प्रसारित म्हणजे कोणीतरी पसरवलेलं. राउटर, म्हणजे डेटाला नेटवर्कातली वाट दाखवणारं यंत्र, आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा स्वतःहून कळवतो, तेव्हा ‘प्रसारित’ व्याकरणाला धरून आहे. तरी इथे मी दोन्ही टाळेन. प्रसारण म्हटलं की आकाशवाणी डोळ्यापुढे येते: एकाने बोलायचं, सगळ्यांनी एकदम ऐकायचं. वाटांची माहिती तशी जात नाही. ती दोन रीतींनी जाते, आणि दोन्हींना आपल्याकडे नेमके शब्द आहेत.

रिप आणि ईआयजीआरपी हे प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी वाटा एकमेकांना कळवायचे ठरलेले नियम, चालतात ते सांगोवांगीवर. राउटर फक्त शेजाऱ्याला सांगतो. शेजारी ते आपल्या तक्त्यात लिहितो, त्यात स्वतःपर्यंतचं अंतर मिळवतो आणि पुढच्याला आपली म्हणून सांगतो. रिपमध्ये हे दर ३० सेकंदांनी होतं, प्रत्येक टप्प्याला १ वाढतो, १६ झाले की ती वाट बंद समजायची. तिसऱ्या राउटरला पहिल्याचे मूळ शब्द कळतच नाहीत. ओएसपीएफ या आणखी एका प्रोटोकॉलची रीत दवंडीची. एकाच एरियात, म्हणजे नेटवर्काच्या एका विभागात, तोच मजकूर काना-मात्रा न बदलता राउटरागणिक पुढे जातो, आणि जवळची वाट कोणती हे ज्याचं तो काढतो.

आता ‘हब’, म्हणजे सगळ्या शाखा ज्याला जोडलेल्या असतात ते मधलं केंद्र. हा शब्द दुकानात मागितला तर यूएसबीचा डबा हातात येईल. बैलगाडीच्या चाकात मधोमध असतो तो तुंबा आणि त्यात ठोकलेले ते आरे. ‘तुंबा-आरे रचना’ म्हटलं तर खान्देशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळं चित्र काढून दाखवावं लागत नाही. एक फरक मात्र शिकवताना सांगायलाच हवा. चाकाला वरून पुठ्ठे आणि धाव असते, त्यामुळे आरे बाहेरच्या टोकाला जोडलेले असतात. या नेटवर्काला धाव नाही. एका आऱ्याची गोष्ट दुसऱ्याला कळायची ती तुंब्यातूनच.

खरी अडचण इथेच येते. समजा मुख्य कार्यालय जळगावला आणि शाखा रावेर, चोपडा, शिरपूर इथे आहेत. जळगावच्या राउटरवर तिन्ही शाखांसाठी मिळून एकच मल्टिपॉइंट टनेल इंटरफेस, म्हणजे सगळ्यांकडे जाणारं एकच दार, आहे, वर ईआयजीआरपी चालू. रावेरने आपलं १०.२०.१.०/२४ हे नेटवर्क जळगावला कळवलं. जळगावने ते तक्त्यात घेतलं, पण चोपड्याला सांगितलं नाही. कारण नियम असा की ज्या इंटरफेसवरून वाट कळली त्याच इंटरफेसवरून ती परत सांगायची नाही, आणि चोपड्याकडे जाणारा इंटरफेसही तोच. हा स्प्लिट होरायझन. धुळ्याकडच्या अहिराणीत त्याचं मर्म एका वाक्यात येतं: ‘तेनी माले सांगं, मी तेले काय सांगू?’ समोर एकच शेजारी असेल तर हे शहाणपण आहे, नाहीतर दोन राउटर एकमेकांचीच बातमी एकमेकांना देत वाटेचं भेंडोळं करतात. पण एका दारामागे तिघे उभे असले की राउटरला ते वेगळे दिसत नाहीत. तो दार पाहतो, माणूस नाही.

लक्षण फसवं असतं. शेजारी सगळे ‘अप’ दिसतात, चोपड्याहून जळगावला पिंग, म्हणजे पोच तपासणारा संदेश, जातो, रावेरला जात नाही. मग लोक फायरवॉल तपासत बसतात. आधी चोपड्याच्या राउटरवर ‘शो आयपी राउट’ ही वाटांचा तक्ता दाखवणारी आज्ञा द्यावी. रावेरची ओळच नसेल तर दोष इथे. उपाय जळगावच्या टनेल इंटरफेसवर करायचा, शाखांवर नाही: ‘नो आयपी स्प्लिट-होरायझन ईआयजीआरपी’ आणि पुढे तुमचा एएस क्रमांक, म्हणजे ईआयजीआरपी चालवणाऱ्या तुमच्या राउटरांच्या गटाचा क्रमांक. शाखांनी थेट एकमेकींशी बोलायचं असेल तर ‘नो आयपी नेक्स्ट-हॉप-सेल्फ ईआयजीआरपी’ही तिथेच लागू शकतं, म्हणजे जळगाव पुढचा टप्पा म्हणून स्वतःचं नाव घालत नाही. सगळी रहदारी जळगाववरूनच जाणार असेल तर नियम तसाच ठेवून शाखांना नुसता डिफॉल्ट राउट, म्हणजे बाकी सगळ्यासाठी एकच ठरलेली वाट, द्यावा. मला हेच जास्त पसंत आहे, शाखांचा तक्ता आटोपशीर राहतो. ओएसपीएफमध्ये ही अडचण या रूपात येत नाही. तिथे ब्रॉडकास्ट प्रकार ठेवला असेल तर दवंडीवाला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बातमी द्यायला निवडलेला राउटर (डीआर), तुंबाच झाला पाहिजे. म्हणून शाखांची प्रायॉरिटी ० करतात, म्हणजे त्या या निवडीत येत नाहीत. आयबीजीपीतही, म्हणजे एकाच संस्थेच्या राउटरांमध्ये चालणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉलमध्येही, एका आयबीजीपी शेजाऱ्याने सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही असा नियम आहे, त्यासाठी तुंब्याला राउट रिफ्लेक्टर, म्हणजे ऐकलेली वाट इतरांना सांगायची मुभा असलेला राउटर, करतात.

तेव्हा ‘विभाजित क्षितिज’ नको. त्यातून क्षितिज कोणाचं आणि दुभंगलं कसं, काहीच कळत नाही. ‘परतवार्ता-बंदी’ म्हणा: काय बंद आहे ते शब्दातच आलं, आणि ‘जळगावच्या टनेलवर परतवार्ता-बंदी उठवा’ हे वाक्य फोनवरही समजतं. परीक्षेत मात्र पहिल्यांदा ‘स्प्लिट होरायझन’ लिहून मग मराठी शब्द वापरा. आज्ञा राउटरला द्यायची आहे, ती आहे तशीच टंकायची.