वाचकांचे प्रश्न : माळकरी घरातली लेक आणि बाप्टिस्ट विद्यापीठ

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीनंतर अमेरिकेत, टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. प्रवेश पक्का झाल्यावर कळलं की ते बाप्टिस्ट लोकांचं खाजगी विद्यापीठ आहे. आमचं घर माळकरी. सासूबाई म्हणतात, "पोरीला बाटवून परत पाठवतील." मला तसं वाटत नाही, पण मनात धास्ती आहेच. पाठवावं का?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर :
ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मी तीस वर्षं मागे गेले. १९९४ ते १९९६ अशी दोन वर्षं मी वेकोला, याच बेलरमध्ये, इंग्रजीचं एम. ए. करत होते. माझ्या आईनेही निघताना हाच प्रश्न विचारला होता.

आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. बाप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. ते लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, देत नाहीत. कळत्या वयाच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल केली, तरच त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, हा त्यांचा मूळ आग्रह. दुसऱ्याने लादलेली श्रद्धा त्यांच्या लेखी श्रद्धाच नव्हे. म्हणून जबरदस्तीने बाटवणं त्यांच्याच तत्त्वात बसत नाही. आपला विश्वास सांगावा ही इच्छा मात्र त्यांना असते. आपल्या भाषेचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये श्रीरामपूरहून, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरहून, काढणारा विल्यम कॅरी हा बाप्टिस्ट मिशनरीच होता. तो धर्मप्रसारासाठी आला होता, हे लपवायचं कारण नाही. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने मराठीवर घेतलेली मेहनतही तितकीच खरी. बेलरमध्ये मला अशीच माणसं रोज भेटायची : आपलं म्हणणं मनापासून सांगणारी आणि नकार दिला तर तो मानणारी.

आता जे चुकणार नाही ते. पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन सत्रं चॅपलला, म्हणजे प्रार्थनासभेला, हजेरी लावावी लागते आणि धर्माचे दोन विषय घ्यावे लागतात : एक बायबलचा, दुसरा ख्रिस्ती परंपरेचा. एम. ए.ला मला हे बंधन नव्हतं, पण माझ्या खोलीशेजारच्या हैदराबादच्या मुलीला होतं. ती चॅपलमध्ये शांत बसायची, हजेरी लावून यायची. पुढे बायबलच्या वर्गात तिला इतकी गोडी लागली की रात्री मला उठवून प्रश्न विचारायची. ती आजही नवरात्राचे उपास करते.

विद्यापीठ जुनं आहे, टेक्सास राज्याहूनही जुनं. टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हा, १ फेब्रुवारी १८४५ ला, त्याची सनद मिळाली. राज्य अमेरिकेत सामील झालं ते त्याच वर्षाच्या अखेरीस. सुरुवात इंडिपेन्डन्स नावाच्या छोट्या गावात झाली. पुढे रेल्वे त्या गावाला टाळून गेली, गाव ओस पडत चाललं, तेव्हा १८८६ मध्ये वेकोतल्या विद्यापीठात विलीन होऊन बेलर ब्राझोस नदीकाठी आलं. नाव मिळालं न्यायाधीश आर. ई. बी. बेलर यांचं.

आणि हे बेलर गुलाम बाळगणारे होते. सुरुवातीच्या विश्वस्तांपैकी बहुतेक तसेच होते. माझ्या वेळी हे कोणी मोठ्याने बोलत नसे, मीही विचारलं नाही, आणि ते मला अजून खुपतं. २०२० मध्ये विद्यापीठाने स्वतःच समिती नेमली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल सगळ्यांसमोर ठेवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट, फौजेत धर्मगुरू राहिलेले जुने अध्यक्ष रूफस बर्लसन यांचा पुतळा त्याच्या मानाच्या चौकातून हलवला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं ते थेट १९६० च्या दशकात. १९६७ मध्ये पदवी घेतलेले पहिले दोघे, रॉबर्ट गिल्बर्ट आणि बार्बरा वॉकर, यांचे पुतळे २०२३ मध्ये आवारात उभे राहिले. मुलीला म्हणावं, पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन ये.

मुलीची आई म्हणून आणखी एक तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. विद्यार्थिनींच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी विद्यापीठाने नीट हाताळल्या नाहीत, असं चौकशीत निघालं आणि २०१६ मध्ये फुटबॉलच्या प्रशिक्षकांना काढलं, अध्यक्षांनाही पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी लिंडा लिव्हिंगस्टन आल्या, बेलरच्या पहिल्या महिला अध्यक्ष. अशी तक्रार आज कुठे नोंदवायची, रात्री सोबत कशी मिळते, हे निघण्याआधी ईमेलने स्पष्ट विचारून घ्या. विचारायला संकोच नको.

तिथलं वातावरण कसं असतं, ते एका संध्याकाळीवरून सांगते. बेलरमध्ये स्थापनेपासून नाचायला बंदी होती, तब्बल १५१ वर्षं. १८ एप्रिल १९९६ ला ती उठली. फिफ्थ स्ट्रीटवर गर्दी लोटली होती. अध्यक्ष रॉबर्ट स्लोन, स्वतः बाप्टिस्ट पाद्री, बायकोचा हात धरून आधी नाचले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माजी विद्यार्थिनीच्या डोळ्यांना धार लागली होती. मी विचारलं, तर एवढंच म्हणाली, "आम्ही पडदे ओढून नाचायचो." चपला काढून ती गर्दीत शिरली.

बाकी सुखाच्या गोष्टी पुष्कळ. दर मंगळवारी दुपारी मुलांना आइस्क्रीम घातलेलं डॉक्टर पेपर मिळतं. हे पेय १८८५ मध्ये वेकोतल्याच एका औषधाच्या दुकानात जन्मलं. आवारात खरी काळी अस्वलं पाळलेली आहेत. पॅट नेफ हॉलच्या मनोऱ्यातल्या ४८ घंटा वाजल्या की परीक्षेच्या दिवसांतही पाय थबकायचे. आणि माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे ब्राउनिंग या इंग्रज कवी दांपत्याच्या नावाचं ग्रंथालय. तिथे रॉबर्ट आणि एलिझाबेथ यांच्या एकमेकांत गुंफलेल्या हातांचा ब्राँझचा ओतीव ठसा आहे. तिचा हात किती लहान, मनगटापाशी किती नाजूक! घरची आठवण अनावर झाली की मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

अभ्यासाची काळजी करू नका. वैद्यकाकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांची तिथे चांगली तयारी करून घेतात. फक्त ह्यूस्टनचं बेलर वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून वेगळं झालं आहे, तेव्हा इथल्या पदवीने तिथला प्रवेश आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

माझं मत विचाराल तर पाठवा. माळ गळ्यात घालूनच जाऊ दे. कोणीतरी नक्की विचारेल, "हे काय आहे?" त्याचं उत्तर तिला देता यावं, म्हणून निघायच्या आधी चार दिवस तिला आजीजवळ बसवा.