‘कॉम्प्युटरने टीबी सांगितला’, मग जबाबदार कोण?

प्रश्न: माझे वडील (वय 54) शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) 19 वर्षं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला आहेत. गेल्या वर्षी गावात एका खासगी हॉस्पिटलचं मोफत शिबिर झालं. तिथे छातीचा एक्स-रे काढला आणि कॉम्प्युटरने जागेवरच टीबी सांगितला. मग त्याच हॉस्पिटलात पैसे भरून औषधं सुरू केली. थुंकी तपासली नाही. पाचव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडायच्या नाहीत. सातव्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. कोल्हापुरात दुसऱ्या हॉस्पिटलात 11 दिवस ॲडमिट होते. सीटी स्कॅन आणि थुंकीच्या तपासण्या झाल्यावर तिथे सांगितलं, टीबी नाही, सिलिकोसिस (वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आहे. पहिलं हॉस्पिटल म्हणतं, चूक कॉम्प्युटरची, आणि एक्स-रे कंपनीच्या सर्व्हरवर असल्याने आम्ही देऊ शकत नाही. कारखान्याने ‘टीबीचा पेशंट’ म्हणून वडिलांना घरी बसवलंय. दुसरं हॉस्पिटल त्यांचे स्कॅन संशोधनासाठी मागतंय. भाऊ आणि तालमीतली पोरं पहिल्या हॉस्पिटलात जाऊन जाब विचारू म्हणतात. वकिलाच्या फीचीही काळजी आहे. काय करावं?
– एक वाचक, ता. हातकणंगले

उत्तर: तुम्ही सोबत पाठवलेल्या कागदांत शिबिरातली संगणकाची चिठ्ठी आहे आणि पहिल्या हॉस्पिटलचा केसपेपर आहे. तुमचा सगळा राग त्या चिठ्ठीवर आहे. मी मात्र केसपेपरची दुसरी बाजू पुन्हा पुन्हा वाचली. पाचव्या आठवड्याच्या तारखेसमोर डॉक्टरांच्या हातची एकच ओळ आहे: ‘मळमळ, उलटी, भूक नाही. एकेटी चालू.’ एकेटी म्हणजे टीबीची औषधं. खाली सही. तुमचं प्रकरण उभं राहील ते या ओळीवर.

टीबीच्या पहिल्या फळीतल्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी यकृताला इजा होऊ शकते. वैद्यकीय शिक्षणात हे पहिल्यापासून शिकवलं जातं. लक्षणं असतील आणि एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला घटक) सामान्य मर्यादेच्या तिप्पट वर असेल तर गोळ्या थांबवायच्या, लक्षणं नसली तरी पाचपट झाल्यावर थांबवायच्या, असा सर्वमान्य दंडक आहे. पेशंट उलट्या सांगतोय आणि रक्तातली यकृताची साधी तपासणी लिहून दिलेली नाही, हे कोणत्याही ग्राहक आयोगापुढे समजावायला सोपं आहे. इथे संगणकाचा काही संबंध येत नाही.

आता संगणकाकडे वळू. छातीच्या एक्स-रेवर टीबीच्या खुणा शोधणारी सॉफ्टवेअर खोटी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 15 वर्षांवरच्या माणसांसाठी ती वापरायला मान्यता दिली आहे. जिथे रेडिओलॉजिस्ट पोचत नाही अशा गावांत त्यांनी चाळणीचं काम खरोखर सोपं केलंय. पण ती मान्यता चाळणीसाठी आहे. चाळणीत जो सापडेल त्याची थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या यंत्रांवर) तपासून खात्री करायची, हा पुढचा टप्पा आहे. तुमच्या चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात तेच छापलंय: ‘केवळ स्क्रीनिंगसाठी, निदानासाठी नव्हे.’ म्हणजे ज्या यंत्राकडे हॉस्पिटल बोट दाखवतंय, ते यंत्रच सांगतंय की माझ्या भरवशावर औषध सुरू करू नका.

सिलिकोसिसचे डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त येतात आणि टीबीचेही बहुधा तिथेच, त्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ शकते. ती टाळायला ‘तुम्ही काम काय करता?’ एवढा एक प्रश्न पुरतो. कास्टिंगवरची वाळू घासून काढण्यात 19 वर्षं गेलेला माणूस समोर बसलाय हे सॉफ्टवेअरला दिसत नाही, डॉक्टरांनी विचारायला हवं होतं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढची जागा कोरी आहे. ते पान जपून ठेवा.

तरी समोरची बाजू काय म्हणेल ते आत्ताच सांगतो, नाहीतर आयोगात ते ऐकून तुमचे पाय गळतील. सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी लक्षणं आणि एक्स-रे पाहून उपचार सुरू करणं काही वेळा योग्य ठरतं. आणि ‘जेकब मॅथ्यू’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली म्हटलंय की निर्णय चुकला एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. म्हणून ‘निदान चुकलं’ एवढीच तक्रार करू नका. थुंकी तपासली नाही, व्यवसाय विचारला नाही, उलट्या सांगूनही रक्त तपासलं नाही, अशी तक्रार करा. ‘व्ही. किशन राव’ हा 2010 चा निकाल तुमच्या जवळचा आहे: रुग्णाला मलेरिया होता, उपचार टायफॉइडचे झाले. सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा ग्राहक मंचाने (आताचा जिल्हा ग्राहक आयोग) दिलेली भरपाई पुन्हा लागू केली आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, असंही म्हटलं. तरीही तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलच्या छातीरोगतज्ज्ञांकडून लेखी मत घ्याच. डिस्चार्ज कार्डावर औषधामुळे झालेली कावीळ, सीबीनॅट आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह, हे स्पष्ट लिहून मागा.

यंत्राची चूक म्हणून हॉस्पिटल सुटत नाही. कोणतं साधन वापरायचं आणि त्याच्या उत्तरावर किती विसंबायचं हा त्यांचा निर्णय होता. ‘सविता गर्ग’ प्रकरणापासून (2004) हे पक्कं आहे की उपचार करणाऱ्या डॉक्टरला वेगळं सामील केलं नाही तरी हॉस्पिटलला उत्तर द्यावं लागतं. सॉफ्टवेअर कंपनीला दुसरा विरुद्ध पक्ष करता येईल, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. सॉफ्टवेअरला ग्राहक कायद्यातलं ‘उत्पादन’ म्हणायचं का, यावरच वाद रंगेल आणि तुमचं प्रकरण मागे पडेल. हॉस्पिटलकडून सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि परवाना मात्र लेखी मागा. 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय वापराची सॉफ्टवेअरसुद्धा कायद्याने वैद्यकीय उपकरणांत मोडतात. परवाना चाळणीपुरता असेल आणि वापर निदानासाठी झाला असेल, तर तो मुद्दा हॉस्पिटलवरच उलटतो.

एक्स-रे देत नाही, हे उत्तर कायद्यात बसत नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही ‘रघुनाथ रहेजा’ प्रकरणात 1996 मध्ये हेच बजावलं. सर्व्हर कंपनीचा आहे की हॉस्पिटलचा, याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. वडिलांच्या सहीने अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्यात नेमकं लिहा: एक्स-रेची मूळ डायकॉम फाइल (यंत्रातून निघते ती मूळ डिजिटल प्रत) सीडीवर, संगणकाचा अहवाल त्याने दिलेल्या गुणांसह (स्कोअर) आणि संशयित जागा दाखवणाऱ्या रंगीत ठशासह, पूर्ण केसपेपर, सगळी बिलं. व्हॉट्सॲपवर आलेला एक्स-रेचा फोटो चालवून घेऊ नका. त्यात बारकावे पुसले जातात आणि मूळ फाइलमध्ये असते ती तारीख-वेळेची नोंदही राहत नाही. डिजिटल नोंद पुरावा म्हणून चालावी यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही सोबत मागा. नोंदी नष्ट करू नयेत, अशी एक ओळ अर्जात हवीच, कारण त्या विनियमांत जपणुकीची मुदत तीन वर्षांचीच आहे. तरीही दिलं नाही तर आयोग कागद मागवू शकतो, आणि न देणं हीच सेवेतली त्रुटी म्हणून तक्रारीत जोडता येते.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा, ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, ती औषध सुरू झालं त्या तारखेपासून मोजा म्हणजे वाद राहणार नाही. आयोगाची फी हॉस्पिटलला दिलेल्या रकमेवर ठरते. पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे, त्यामुळे तुम्हाला फी पडणार नाही. शिबिर मोफत होतं, हा आक्षेप येईल. पुढचे उपचार तुम्ही पैसे भरून घेतलेत. शिवाय ‘व्ही. पी. शांता’ प्रकरणात 1995 सालीच ठरलंय की जे हॉस्पिटल काही रुग्णांकडून पैसे घेतं, त्याचे मोफत रुग्णही ग्राहकच असतात.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद हा दाव्यापासून वेगळा विषय आहे, आणि तो तुम्ही याच आठवड्यात हातावेगळा करावा अशी माझी मनापासून विनंती आहे. भारतीय औषधसंहिता आयोग, गाझियाबाद इथून औषध-सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीत आहे आणि 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे. गोळ्यांची उरलेली पाकिटं टाकू नका, बॅच नंबर त्यावर असतो. या नोंदीने कुणावर गुन्हा दाखल होत नाही, नोंद करणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही, त्यामुळे डॉक्टरांनीही कचरायचं कारण नाही. एकट्या नोंदीतून काही सिद्ध होत नाही. पण देशभरातल्या नोंदी गाझियाबादला एकत्र येतात, तिथून स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या जागतिक साठ्यात जातात, आणि अमुक औषधामागे अमुक त्रास अपेक्षेपेक्षा जास्त दिसतोय हे त्या आकड्यांतूनच कळतं. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघर घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल नोव्हेंबर 2023 मध्ये जो इशारा निघाला, तो अशाच नोंदींच्या छाननीतून. याच औषधसंहिता आयोगाकडे वैद्यकीय उपकरणांच्या त्रासाचीही नोंद होते. फौंड्री कामगाराचा सिलिकोसिस सॉफ्टवेअरने टीबी ठरवला, हे तिथे लिहा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत तुमच्या वडिलांसारखे किती कामगार आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांचेही एक्स-रे कुठल्या ना कुठल्या शिबिरात निघणार आहेत.

संशोधनासाठी स्कॅन द्यायचे का? माझं मत द्यावेत असंच आहे. आपल्याकडच्या कामगारांचे एक्स-रे ज्या सॉफ्टवेअरने कधी पाहिलेच नाहीत, ते सॉफ्टवेअर त्यांच्या बाबतीत फसणारच. मात्र संमती कोऱ्या कागदावर नको. नैतिक समितीची मंजुरी आहे का, नाव-पत्ता काढून टाकणार का, बाहेरच्या कंपनीला देणार का, आणि संमती मागे घेता येईल का, या प्रश्नांची उत्तरं मराठीत लेखी घ्या. नकार दिला तरी उपचारांवर परिणाम होणार नाही, हेही त्यात हवं. शिबिरात वडिलांनी न वाचता कोणत्या फॉर्मवर सही केली असेल तर त्याची प्रत वरच्या अर्जातच मागा.

आता माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात आली आहे: कारखान्याने घरी बसवलं. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा आणि कामगार भरपाई कायदा या जुन्या कायद्यांत तो होता, आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. यादीतले शब्द पाहा: सिलिकोसिस आणि सिलिको-ट्युबरक्युलोसिस. म्हणजे उद्या कुणी टीबीही आहे असं सिद्ध केलं तरी धुळीची जबाबदारी संपत नाही. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कायम अपंगत्वाच्या लाभासाठी ईएसआयकडे अर्ज करा, मग मेडिकल बोर्ड तपासणी करेल. कापला जात नसेल तर भरपाईचा दावा मालकावर. ही रक्कम हॉस्पिटलकडून मिळणाऱ्या भरपाईपेक्षा वडिलांच्या पुढच्या आयुष्याला जास्त उपयोगी पडेल. रेडिओलॉजिस्टना विनंती करून एक्स-रेचं वाचन आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणानुसार लिहून घ्या, बोर्डापुढे त्याला वजन असतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सिलिकोसिसची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची असते. ती दिली का, विचारा.

त्याच्या जोडीला जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना पत्र द्या. टीबीचं निदान झालं की खासगी हॉस्पिटललाही ते निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं, त्यामुळे वडिलांचं नाव तिथे असणार. दुसऱ्या हॉस्पिटलचे कागद जोडून निदान चुकीचं होतं अशी दुरुस्ती मागा. ही नोंद तशीच राहिली तर मालकाचा वकील पहिला कागद तोच काढेल.

भावाला आणि तालमीतल्या पोरांना आवरा. हॉस्पिटलात मारहाण किंवा तोडफोड झाली तर 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. पोलिसात फौजदारी तक्रारीचा आग्रहही आत्ता नको. फौजदारी निष्काळजीपणाला फार वरच्या दर्जाचा पुरावा लागतो आणि त्यात वर्षं जातात.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कारण नाही. कारखान्याचं ओळखपत्र, एखादी पगारपावती, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती सोबत न्या. केसपेपरचं मूळ पान कुणालाही देऊ नका, तिथेसुद्धा फक्त दाखवा.