ज्युनियरचा स्पॉन्सर होण्यापूर्वी

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. २१ वर्षे पूर्ण होताच तुला पहिली आठवण झाली ती अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स या लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या संस्थेच्या नियमाची, हे वाचून मला हसू आले. ते वय झाल्याखेरीज १६ वर्षांखालच्या स्वाराचे, म्हणजे ज्युनियरचे, स्पॉन्सर (राइडभर सोबत राहणारा जबाबदार प्रौढ स्वार) होता येत नाही हे खरे, आणि तुमच्या तबेल्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला तू ५० मैलांच्या राइडला न्यावेस असे तिच्या आईवडिलांनी सुचवले आहे हेही समजले. "नेऊ का?" एवढेच तू विचारलेस. उत्तर आधीच देते: ५० मैलांना नेऊ नकोस. पण नुसते उत्तर तुझ्या फारसे उपयोगाचे नाही, कारण पुढच्या वर्षी दुसरे कोणी दुसरे मूल घेऊन तुझ्यापुढे उभे राहील आणि तेव्हा विचार तुलाच करावा लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या खेळात वयाची अट सर्वांत कडक पाळली जाते ती घोड्याच्या बाबतीत. २५ ते ३५ मैलांच्या लिमिटेड डिस्टन्सला घोडा ४८ महिन्यांचा लागतो, ५० मैल आणि त्यापुढे ६० महिन्यांचा, आणि कॅलिफोर्नियातल्या १०० मैलांच्या टेव्हिस कपला तर ७२ महिन्यांचा. मणक्याच्या हाडांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू राहते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे या आकड्यांवर कोणी हुज्जत घालत नाही. "माझा घोडा चारच वर्षांचा आहे, पण फार समजूतदार आहे, तेव्हा त्याला १०० मैल पळू द्या," असे म्हणणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. मुलांच्या बाबतीत मात्र नेमके हेच वाक्य दर हंगामात ऐकू येते.

मुलांसाठीचे आकडे जागोजागी वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या एन्ड्युरन्स स्पर्धांत स्वार ज्या वर्षी १४ पूर्ण करणार असेल त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून त्याला प्रवेश मिळतो, म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जेमतेम तेरा वर्षांचे असतानाही उतरू शकते. टेव्हिसला किमान वय १२ आहे, तेही प्रौढ स्पॉन्सर सोबत असेल तरच. यांपैकी कोणताही आकडा निसर्गाने कोरून दिलेला नाही. जाणत्या माणसांनी अनुभवावरून ठरवलेली ती रेघ आहे, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे फरक एका दिवसाचाच असतो. तरीही मी अशा आकड्यांच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. ज्या आईबापांना "तुमचे मूल अजून तयार नाही" हे ऐकवत नाही, त्यांना "नियमात बसत नाही" हे ऐकवते. नकार देण्याचे ओझे नियमाने उचलले की मैत्रीही टिकते आणि मूलही घरी राहते. जिथे आकडा तुझ्या मदतीला येत नाही, तिथे ते ओझे तुला उचलावे लागेल, इतकेच.

बाराचीच अट टेव्हिसला का, हे तिथल्या वाटेवर गेल्याशिवाय पटत नाही. वेंडेल रोबी यांनी १९५५ मध्ये ही राइड सुरू केली. टाहो सरोवराच्या बाजूने निघून सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून ऑबर्नपर्यंत १०० मैल, आणि त्यासाठी एकूण २४ तास. पहाटे सव्वापाचला निघालेला स्वार दुपारी ज्या दऱ्यांत उतरतो, तिथे वारा म्हणून नसतो आणि खडक तव्यासारखे तापलेले असतात. त्यानंतर फॉरेस्टहिलला तासाभराचा होल्ड, म्हणजे सक्तीचा थांबा, मिळतो, आणि पुढे अंधारात, नदी ओलांडून, तेवढ्याच जिवाने आणखी तीस-बत्तीस मैल जायचे असते. लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभाग असलेले असते, त्याला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यामुळे हवा अंगापेक्षा तापली की ते लवकर तापते. मनाचे त्याहून अवघड आहे: आपण थकलो आहोत हे मुलाला कळते ते थकवा येऊन बराच वेळ गेल्यावर.

आता मुख्य गोष्ट. वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीला, म्हणजे व्हेट चेकला, घोडा आला की अर्ध्या तासाच्या आत त्याची नाडी बहुधा मिनिटाला ६० किंवा ६४ पर्यंत खाली यावी लागते. मग पशुवैद्य पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतो, हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो, १२५ फूट दुडकी चालीने नेऊन परत आणायला लावतो आणि पुन्हा नाडी मोजतो. प्रत्येक गोष्टीची श्रेणी कार्डावर लिहिली जाते. घोड्याची इतकी काळजी घेणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या खोगिरावरून नुकतेच उतरलेले मूल शेजारी लगाम धरून उभे असते, आणि त्याच्यासाठी कार्डावर एकही रकाना नसतो.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी, कुठे ते सांगत नाही, एका दहा वर्षांच्या मुलाची मी ५० मैलांसाठी स्पॉन्सर झाले होते. दुसऱ्या व्हेट चेकला त्याच्या घोड्याची नाडी ५६ होती आणि कार्डावर ओळीने 'ए' पडले होते. मीही खूश, त्याचे वडीलही खूश. त्याला विचारले, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "हो." मी ते ऐकले आणि त्याच्या हातांकडे लक्ष दिले नाही. लक्ष दिले असते तर कळले असते की पाण्याच्या बाटलीचे झाकण त्याला उघडत नव्हते. तीनदा फिरवून त्याने ती तशीच खोगिराच्या पिशवीत परत ठेवली होती. हे मला आठवले ते चार मैलांनंतर, सपाट वाटेवर, घोडा नुसता चालत असताना तो झोपेत डावीकडे कलला आणि खाली आला तेव्हा. गळपट्टीचे हाड मोडले, त्याहून अधिक काही झाले नाही. घोडा दोन पावलांवर थांबून गवत खाऊ लागला. सकाळपासून त्या मुलाने लघवी केली नव्हती हे नंतर दवाखान्यात कळले, आणि त्याला ते विचारणे माझे काम होते.

तेव्हापासून होल्डमध्ये ज्युनियरची तपासणी मी करते, पशुवैद्य घोड्याची करतो तितक्याच शिस्तीने. "बरी आहेस ना?" हा प्रश्न विचारूच नकोस, कारण वडील पाच फुटांवर उभे असताना कोणतेही मूल त्याला "नाही" म्हणत नाही. त्याऐवजी तिला बाटली उघडायला सांग, हेल्मेटचा पट्टा सोडून पुन्हा लावायला सांग, पुढच्या टप्प्यावर वाट दाखवणाऱ्या फिती कोणत्या रंगाच्या आहेत ते विचार. ती शेवटची कधी बाथरूमला गेली ते विचार आणि घड्याळात बघ. खोगिरात ती कशी बसते हे तर वाटेतच दिसेल: थकलेले मूल रिकिबीतले वजन सोडून देते आणि दर पावलाला घोड्याच्या कमरेवर आदळते, म्हणजे हलक्या मुलाचेही ओझे घोड्याला जड होते. रिकिबी पिंजऱ्याच्या असू देत, म्हणजे पाय आरपार जाऊन अडकणार नाही. हेल्मेट ज्युनियरला सक्तीचेच आहे.

एक गोष्ट आईवडिलांशी राइडच्या आदल्या रात्री नव्हे, आजच बोलून घे. स्वाराने स्वतःहून थांबण्याला आपण रायडर ऑप्शन म्हणतो. तिच्या बाबतीत तो हक्क तिचा आणि तुझा असेल, तंबूपाशी वाट बघणाऱ्या कोणाचाही नसेल. ती थांबली तर तूही थांबशील, तुझा घोडा कितीही ताजा असला तरी. आणि तुझा घोडा लंगडा ठरून बाद झाला, तर दुसरा स्पॉन्सर नियमाने चालत असला तरी अनोळखी माणसामागे तिला धाडायचे नाही. हे त्यांना मान्य नसेल तर २५ मैलांनाही होकार देऊ नकोस.

तिच्या वडिलांनी मंगोलियाच्या नादाम उत्सवातल्या घोड्यांच्या शर्यतींचा दाखला दिला, असे तू लिहिलेस. तो दाखला मला नेहमीच ऐकवला जातो. तिथे मुले अगदी लहान वयात शर्यतीत बसतात हे खरे. पण त्या शर्यती दहा ते तीस किलोमीटरांच्या आसपास असतात, दिवसभराच्या नसतात, ती मुले घोड्यांच्या कळपातच वाढलेली असतात, आणि तरीही तिथल्या कायद्याला सात वर्षांची किमान मर्यादा घालावी लागली. हा दाखला मर्यादेच्या विरुद्ध कसा जातो ते मला समजलेले नाही.

मी स्वतः घोड्यावर पहिल्यांदा बसले ती आठव्या वर्षी, माथेरानला, दस्तुरी नाक्यावर भाड्याने घेतलेल्या तट्टावर. घोडेवाला बाजारापर्यंत लगामाला हात लावून पायी चालला आणि सबंध वाटेत त्याने घोड्याकडे क्वचितच पाहिले. तो बघत होता माझ्या गुडघ्यांकडे. स्पॉन्सर म्हणजे काय ते पुढे नियमपुस्तकात वाचले, पण दिसले होते ते तिथे.

तेव्हा सप्टेंबरात, ऊन उतरल्यावर, २५ मैलांच्या राइडला तिला ने. सहा तास मिळतात, पाच तास पंचावन्न मिनिटे घेतलीस तरी चालेल. त्याआधी दोन शनिवार तिला माझ्याकडे घेऊन ये. खरारा, खोगीर, खूर साफ करणे, सगळे तिलाच करू दे, दुडकी चालीत घोडा पळवून दाखवणेही. आणि येताना पाण्याची बाटली घट्ट झाकणाची आण.

तुझी,
काकू