पहिली जुनी मोटरसायकल घेताना

होंडा एनआर या मोटरसायकलनं वेड लावलं ना? लावणारच. 1992 ची गाडी. लांबट गोल पिस्टन, एकेका सिलिंडरला 8 व्हॉल्व्ह, सीटखालून निघणारे सायलेन्सर. पण हात बसवायला आधी राजदूत 350 सारखी एखादी जुनी देशी मोटरसायकल घे, नाशिकमध्येच मेकॅनिक शोधता येईल.

- आरसी बुकातला चासी नंबर गाडीवर स्वतः बोट फिरवून ताडून बघ. मगच बयाणा.
- टाकीचा मूळ रंग फिका असला तरी राहू दे. मी अंबडला हौसेनं चकाचक करून घेतला. जुने स्टिकर खरवडले गेले, ते आजतागायत मिळाले नाहीत.
- पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरखाली कोंडू नकोस, क्रोमवर गंजाचे ठिपके येतात. सुती चादर पुरे.

कार्ब्युरेटरला (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) इतक्यात हात लावू नकोस!