वजन कमी करायच्या स्लीव्ह सर्जरीनंतर काढलेल्या जठराच्या रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या अस्तराची जुनी सूज) आलंय, घाबरायचं का?

नाही हो, हे फार कॉमन आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75-80 टक्के भाग कापून काढतात, तो लांबट तुकडा फॉर्मलिनच्या डब्यात पॅथॉलॉजीला जातो आणि तिथे तपासल्यावर बऱ्याच जणांचं एकतर नॉर्मल निघतं नाहीतर हीच जुनी सूज निघते, आधी काही त्रास नसला तरी.

आता रिपोर्टमधली पुढची ओळ बघा. आमच्या वहिनीच्या रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’ होतं आणि डिस्चार्जच्या गडबडीत कुणी वाचलंच नाही, दीड महिन्याने फॉलोअपला फाइल उघडली तेव्हा कळलं. हा जंतू असेल तर बहुतेक वेळा 14 दिवसांचा अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा कोर्स देतात, आणि तो गेला की नाही हे नंतर श्वासाच्या किंवा शौचाच्या टेस्टने बघतात. कोर्स मधेच सोडू नका, तोंड कडू झालं तरी.

‘इंटेस्टायनल मेटाप्लेसिया’ लिहिलं असेल तर मात्र डॉक्टरांना नीट विचारा. म्हणजे जठराचं अस्तर आतड्यासारखं झालेलं असतं, तो कॅन्सर नाही पण पुढे एंडोस्कोपी करून लक्ष ठेवावं लागू शकतं. क्वचित ‘जिस्ट’ नावाची छोटी गाठही सापडते, ती बहुतेकदा त्या तुकड्यासोबतच निघून गेलेली असते, तरी मार्जिन क्लिअर आहे का, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीचा अंश नाही ना, ते बघायचं.

गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायची दुसरी सर्जरी) वाल्यांचं वेगळं, त्यांचं उरलेलं जठर आतच राहतं आणि तिथे साध्या दुर्बिणीने पोचणं अवघड, म्हणून त्यांनी एंडोस्कोपी सर्जरीच्या आधीच केलेली बरी.