चढ कोण चढणार?

प्रश्न : आम्ही पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर राहतो. इमारतीतली बारा घरं मिळून चार लहान इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं ठरतंय, लायसन्स न लागणाऱ्या. सकाळी हवी त्यानं घ्यावी, टेकडीखाली पाटोला कामावर जाऊन तिथं ठेवावी. पुढच्यानं तिथून उचलावी. जमेल?
– एक वाचक, पणजी

उत्तर : ताई, फोंड्यात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, म्हणून आधी मोटारीचं बोलतो. लायसन्स आणि नोंदणी लागत नाही ती गाडी २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी. सपाट मिरामारला ती मजेत पळेल. पण गाडी, तुम्ही आणि बाजाराची पिशवी मिळून दीडशे किलो धरा. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर २५० वॅटमध्ये ताशी सहा किलोमीटर, तेही कागदावर. शेजारून पायी जाणारा तुमच्याशी गप्पा मारत वर येईल! मोठ्या मोटारीची, हिरव्या नंबरपाटीची, नोंदणीवाली घ्या. लायसन्स काढावं लागेल, काढा.

खरी मेख पुढेच आहे. सकाळी नऊपर्यंत चारही गाड्या पाटोला. दुपारी आल्तिनोवरून कुणाला दवाखान्यात जायचं झालं, तर खाली एकही नाही असं नव्हे, वर एकही नाही! आम्स्टरडॅममध्ये १९७४ साली 'विटकार' नावाची दोन माणसांची तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी अशीच वाटून वापरायला काढली होती. गाड्या पस्तीसेक, थांबे मोजके. एका थांब्यावर गर्दी, दुसऱ्यावर शुकशुकाट, हे दुखणं तिलाही होतं. आपला काळ्या-पिवळ्या मोटरसायकल-टॅक्सीचा चालक, म्हणजे पायलट, उतारावर गिऱ्हाईक सोडून चढाचं गिऱ्हाईक स्वतः शोधतो. स्कूटर शोधत नाही.

म्हणून गाड्या पाटोला सोडू नका. जो नेईल त्यानंच संध्याकाळी वर आणावी, आणि एक गाडी दिवसभर वरच ठेवावी. दुपारी जाणारं-येणारं कोण, हे आधी बारा घरांत विचारून वहीत लिहा. आकडा दोनवर आला तर दोनच घ्या.

बॅटरी काढता येणारी असू द्या. जिन्याखाली, गॅस सिलिंडरजवळ चार्ज करू नका. आणि पावसात '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी साचलं की त्यातून गाडी घालायची नाही, हे किल्लीच्या खुंटीवरच लिहून लावा.