रोजच्या जगण्यात पूर्वग्रह, आवडीनिवडी आणि गृहीतकं कशी सोडायची?

पूर्णपणे सुटत नाहीत, आणि तसा अट्टहासही करू नका. मन अंदाज बांधणारच. त्याशिवाय साधा रस्ताही ओलांडता येणार नाही. सैल करायची ती त्या अंदाजावरची पकड.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते घडलेलं आणि त्याला आपण लावलेला अर्थ वेगळं करणं. ‘त्याने दोन दिवस मेसेजला उत्तर दिलं नाही’ हे घडलं. ‘त्याला माझी किंमत नाही’ हे मी जोडलं. मनस्ताप बहुतेकदा या दुसऱ्या वाक्याचा असतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० सालचा एक प्रयोग आहे. लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. अनेकांनी ‘दोन-दोनने वाढणारे’ असं धरलं आणि ८, १०, १२ असे त्यात बसणारेच आकडे तपासत राहिले. नियम होता फक्त ‘चढते आकडे’. नुसतं १, २, ३ विचारलं असतं तरी चूक कळली असती! माणसांबाबतही आपण हेच करतो. एकदा कुणाला उद्धट ठरवलं की उद्धटपणाच तेवढा दिसतो. म्हणून उलटा पुरावा मुद्दाम शोधा, नाहीतर त्या माणसालाच सरळ विचारा.

आवडीनिवडींचं त्यामानाने सोपं. ‘मला आवडत नाही’ म्हणा, ‘ते वाईटच’ म्हणू नका.

मात्र कुणी वारंवार त्रास देत असेल, तर त्याच्याबद्दलचं मत पूर्वग्रह समजून सोडू नका. तो अनुभव आहे. तिथे अंतर ठेवा.